वाकेन, पण चेपणार नाही

मराठी माणूस मोडेल पण वाकणार नाही, असा आपला लौकिक आहे. हा लौकिक ज्यानं पसरवला त्यानं आपल्या न्हाणीघरात कधी गिझर बसवून घेतला नसावा. गिझर भिंतीवर असतो, पाण्याचा नळ भिंतीत असतो, आणि भाऊबंदकीतल्या दोन भावांप्रमाणे त्यांची तोंडं कधीच एकमेकांकडे नसतात. मग त्या दोघांमध्ये एक नळी मध्यस्थ म्हणून घालावी लागते. ती थोडी इकडे वाकते, थोडी तिकडे वाकते, दोघांचंही ऐकून घेते आणि शेवटी घरात गरम पाणी येतं. तिनं मराठी बाणा दाखवायचा ठरवला, तर सगळ्या घराला माघ महिन्यात गार पाण्यानं आंघोळ करावी लागेल.

आपल्या भाषेला मुळात वाकणं मान्यच नाही. वाकडी नजर, वाकडं पाऊल, नाक वाकडं करणं, वाकड्यात शिरणं. वाकडं म्हणून जे जे आहे ते सभ्य माणसानं टाळावं असंच. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, अशी आपली एक म्हण आहे. ही म्हण ऐकून सगळे कुत्र्याला हसतात. नळीकडे कोणी पाहत नाही. म्हण रचणाऱ्यानं नळी ही सरळच असणार, असं गृहीत धरलेलं आहे. त्याच्या घरी वाकवलेली नळी असती तर शेपटाची उत्तम सोय झाली असती आणि आपण एका चांगल्या म्हणीला मुकलो असतो.

मी राहतो त्या थेरगावात मात्र वाकवणं हा पोटापाण्याचा धंदा आहे. पवना नदीच इथे वळसे घेत येते. पलीकडे चिंचवडला मोरया गोसावींची समाधी, अलीकडे आमचा केजूदेवीचा बंधारा, आणि मध्ये शेती, असं हे एके काळचं गाव. मग १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आलं. साठच्या दशकातच आकुर्डीला स्कूटरी आणि पिंपरीला ट्रकवाले आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि गोठ्यांच्या शेजारी पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या. शेड म्हणजे एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, एक गणपतीचा फोटो आणि मोठ्या कंपनीची एक ऑर्डर. आता गंमत पाहा. स्कूटरचं हँडल म्हणजे वाकवलेली नळी. सायलेन्सर म्हणजे वाकवलेली नळी. ब्रेकचं तेल नेते ती वाकवलेली नळी. अख्ख्या ट्रकच्या पोटात शिरून शोधलं तरी धड सरळ नळी मिळणं कठीण. देश पुढे सरळ जावा म्हणून या पट्ट्यातली निम्मी माणसं दिवसभर काहीतरी वाकवत बसलेली असतात.

यातली लोखंडी नळी आपण सोडून देऊ. ती कारखान्याची. घरातली नळी तांब्याची, आणि तिचं घराणं फार जुनं आहे. इजिप्तमध्ये अबूसीर म्हणून गाव आहे. तिथे साहुरे नावाच्या राजाचा पिरॅमिड आणि त्याला लागून देऊळ. काळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. बोर्खार्ट नावाच्या जर्मन संशोधकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे देऊळ खणलं, तेव्हा त्याला जमिनीखाली तांब्याची नळी सापडली. पत्रा ठोकून गोल केलेला, दगडात खोबण करून त्यात बसवलेला, वरून चुन्यासारख्या लेपानं बुजवलेला. एकूण लांबी साडेतीनशे मीटरच्या वर. म्हणजे आमच्या सोसायटीच्या फाटकापासून भाजीवाल्यापर्यंत जाऊन कोथिंबीर घेऊन परत येण्याइतकी. राजा गेला, देऊळ गेलं, नळी राहिली. आमच्याकडे नेमकं उलट होतं. इमारत उभी असते आणि नळी तिसऱ्या वर्षी गळते.

पुढे रोमन लोक आले. ते शिशाच्या नळ्या करीत. शिशाला त्यांच्या भाषेत 'प्लंबम', म्हणून नळकाम करणारा तो प्लंबर. आज ज्याला आपण प्लंबर म्हणतो तो आयुष्यात शिशाला हात लावत नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. शिसं मऊ. हातानंही वळतं. त्यामुळे वाकवण्याचा प्रश्न रोमन लोकांना फारसा छळत नसावा. त्यांचे प्रश्न वेगळे होते. व्हिट्रुव्हियस नावाच्या त्यांच्या वास्तुशास्त्र्यानं, शिशाचं काम करणारी माणसं पांढरीफटक पडतात, तेव्हा पिण्याचं पाणी शिशातून आणू नका, असं लिहून ठेवलं. इसवी सन ९७ मध्ये फ्रोंटिनस नावाचा अधिकारी रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. त्यानं एक पुस्तकच लिहिलं, आणि त्यात एक तक्रार आहे. शहरभर रस्त्याखालच्या मुख्य नळाला लोकांनी गुपचूप भोकं पाडून आपापले जोड घेतलेले आहेत! हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. अनधिकृत नळजोड हा दोन हजार वर्षांचा सांस्कृतिक वारसा आहे, हे आपल्या पाणीपुरवठा विभागाच्या लक्षात कोणीतरी आणून द्यायला हवं.

आपल्याकडचा नळ त्याहून जुना, पण तो राजा होता. महाभारतातल्या नळाला एक वर होता. त्यानं रिकाम्या घड्याकडे नुसतं पाहिलं की घडा पाण्यानं भरे. बाहुकाच्या वेषात, कुरूप होऊन तो स्वयंपाकी म्हणून राहिला, तेव्हा दमयंतीच्या दासीनं हा चमत्कार पाहिला आणि नळ ओळखला गेला. पिंपरी-चिंचवडला २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हापासून या कथेतल्या इतर कोणत्याही प्रसंगापेक्षा हाच प्रसंग आमच्या सोसायटीत जास्त भाविकतेनं ऐकला जातो.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजहून पाणी आणलं. तिथेही वळणं होतीच. पण ती दगडचुन्याच्या भुयारातली. माणूस आत उतरू शकेल एवढ्या भुयाराला वळवायला अक्कल लागते, पण ते चेपत नाही. मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवले, गावात हौद बांधले, आणि पाणी वाड्यावाड्यांत गेलं. धातूचं काम होतं ते कसबा पेठेतल्या तांबट आळीत. ही मंडळी मूळची कोकणातली. पेशवाईच्या आश्रयानं पुण्यात आली आणि पुण्याच्या कानात कायमची ठोकाठोक भरून राहिली. हंडे, घागरी, तपेली, आणि सर्वांत मुख्य म्हणजे बंब.

बंब ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून समजायचा नाही, तरी सांगतो. पोटात विस्तव, भोवती पाणी, डोक्यावर धूर आणि बाजूला पितळी तोटी, अशी एक तापट पण कर्तव्यदक्ष व्यक्ती म्हणजे बंब. त्याच्या मधोमध तांब्याचीच एक रुंद नळी उभी असते. तीत वरून लाकडाचे ढलपे टाकायचे. ही नळी मात्र ताठ. बंबाला वाकणं माहीत नव्हतं. कारण बंब पाण्याकडे जात नसे. पाणी बादलीतून बंबाकडे येई.

तांबटांचं एक काम मात्र पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं. ते म्हणजे मठारकाम. भांडं तयार झालं की त्यावर हातोडीनं एकसारखे ठोके घालतात. त्यानं भांड्यावर टिकल्याटिकल्यांची नक्षी उमटते, ते चकाकतं, पण मुख्य म्हणजे टणक होतं. तांब्याचा स्वभावच असा आहे. तापवलं की मऊ, ठोकलं किंवा वाकवलं की कडक. एकदा वाकवलेलं तांबं त्याच जागी दुसऱ्यांदा वाकवायला जाल तर ते अडून बसतं आणि तिसऱ्यांदा चिरतं. पुन्हा मऊ करायचं तर पुन्हा विस्तवावर. तांबटांना हे धातुशास्त्राच्या पुस्तकाशिवाय माहीत होतं. ते शेकडो वर्षं भांडं तापवीत होते, ठोकीत होते, पुन्हा तापवीत होते.

आता नळी वाकताना तिच्या मनात काय येतं ते पाहू. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे निघते. एखादी दिंडी कोपऱ्यावर वळताना नीट पाहा. बाहेरच्या कडेच्या वारकऱ्यांना लांबचा फेरा पडतो. ते झपाझप पावलं टाकतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं. आतल्या कडेचे जागच्या जागी पावलं घोळवतात. त्यांची दाटी होते. मधला विणेकरी मात्र आपल्या चालीनं चालतो. त्याला ताण नाही, दाटी नाही. नळी वाकते तेव्हा अगदी हेच होतं. बाहेरची भिंत ताणून पातळ होते, आतली दाटून तिला सुरकुत्या पडतात.

भरीव सळई असेल तर प्रश्न नाही. मध्ये धातूच असतो, तो दोन्ही भिंतींना धरून ठेवतो. नळीत मध्ये काय? काहीच नाही. दिंडीतला मधला भागच नाहीसा झाला तर बाहेरची रांग आत कोसळेल आणि आतल्या रांगेला जाऊन भिडेल. नळी तेच करते. ती वाकत नाही, चेपते. आणि एकदा चेपली की बाहेरून दिसायला वळण तेच, पण आतून पाणी जायचा मार्ग बंद. माणसांतही असे चेपलेले पुष्कळ असतात. आपण त्यांना नम्र समजतो.

तेव्हा नळी वाकवण्याच्या सगळ्या इतिहासाचं सार एका वाक्यात सांगता येतं. पोकळ वस्तू वाकवायची तर तिला कुठून तरी आधार द्या. हे आपल्या घरोघर ठाऊक होतं, पण वेगळ्या खात्यात. आजीच्या पोकळ पाटल्या आठवा. वरून सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. लाख नसती तर पहिल्याच मांडवपरतणीला पाटल्या चेपल्या असत्या. सोनार वजन करताना लाख वजा करायचा की नाही, यावर काही घरांतून दोन पिढ्यांचं बोलणं बंद झालेलं आहे. पण लाखेनं आपलं काम चोख केलं, याबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत असतं.

नळीत लाख कोण भरणार? नळीत वाळू भरतात. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, आणि तेही आमच्याच स्वयंपाकघरात. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही थेरगावात गिझर घेतला. त्या काळी गिझर घेणं ही सत्यनारायण घालण्यासारखी घटना होती. मिस्त्री आले ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत पाइपपाना, करवत, सुतळी आणि सफेदा. मूळचे मावळातले, बोलणं बेताचं. चहा झाला, त्यांनी चार सुताची तांब्याची नळी काढली, भिंतीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि आत हाक मारली.

"वयनी, तवा तापवा अन् बांधकामाची उरलेली वाळू आसंल तर चाळून भाजाया टाका."

आमची ही पदराला हात पुसत बाहेर आली. "मिस्त्री, गिझर बसवायला आलात की खारे दाणे विकायला?"

"दाणे भाजायलाबी वाळूच लागती की, वयनी," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "पण ही भाजायची ती वल जाया पायजे म्हणून. वली वाळू नळीत कोंडली अन् वर आच लावली, तर वाफ हुती. मग बूच सुटतं गोळीवानी. तुमी समोर उभ्या ऱ्हायला तर?"

ही समोरून बाजूला झाली आणि वाळू तव्यावर पडली. ती पवनेची वाळू. तिच्या नशिबात एखाद्या स्लॅबमध्ये गाडून घेणं होतं. ती आमच्या पोळीच्या तव्यावर आली.

पुढचा अर्धा तास आमच्या घरात कोणी बोललं नाही. मिस्त्रींनी नळीच्या एका तोंडात लाकडाची खुंटी ठोकली. दुसऱ्या तोंडातून थोडी थोडी वाळू सोडली. थोडी सोडायची, नळीला बाहेरून टकटक करायची. वाळू बसली की आणखी सोडायची. वाळू बसायची थांबेपर्यंत हे चाललं. ढिली भरली तर भरली नाही यासारखीच. मग दुसरी खुंटी. मग ब्लोलँप पेटवून वाकवायची तेवढीच जागा तापवली. नळी आधी काळवंडली, मग मंद लाल झाली. त्यांनी ती सरळ बादलीत बुडवली. चर्र झालं.

मला शाळेतलं विज्ञान आठवलं. "मिस्त्री, तापवून पाण्यात बुडवलं की धातू कडक होतो ना?"

"त्यो लोखंडाचा नेम, साहेब. पोलादाचा. तांब्याचं न्यारं. ह्ये तापवलं की मऊच. पानी दावलं ते आपल्या हाताला पोळू नये म्हणून."

हे अगदी खरं आहे. पोलाद झटकन गार झालं तर कडक होतं. तांबं कसंही गार करा, एकदा तापून लाल झालं की मऊच राहतं.

आता वाकवायची कशाभोवती? मिस्त्रींनी स्वयंपाकघरात नजर फिरवली. "वयनी, वरवंटा द्या."

आमचा वरवंटा सासूबाईंच्या माहेरचा. त्यानं तोवर फक्त चटणी पाहिली होती. मिस्त्रींनी तो पाट्यावर आडवा धरला, नळी त्याच्यावर टेकवली आणि दोन्ही हातांनी हळूहळू खाली दाबली. झटका नाही, जोर नाही. पोथीचं पान उलटावं तशी नळी वळली. काटकोन झाला, तरी ते थांबले नाहीत. आणखी किंचित वाकवली. हात सोडले तेव्हा ती तेवढीच किंचित मागे आली आणि बरोबर काटकोनात थांबली. धातू थोडा मागे येतो, त्याला आपल्याकडून आधीच थोडी सूट द्यावी लागते. मुलांना सूट देतानाही असंच करावं लागतं, फक्त उलट्या बाजूनं. मग त्यांनी वळणाच्या आतल्या अंगावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. सुरकुती नव्हती. खुंट्या काढल्या, वाळू झटकली, नळीतून पाणी सोडून शेवटचा कण काढला. एक कण राहिला तरी तो नेमका गिझरच्या पडद्यात जाऊन बसतो.

त्या संध्याकाळी गरम पाणी आलं. पोळ्या मात्र दोन दिवस किंचित करकरत होत्या.

वाळूनंतरचा आधार म्हणजे स्प्रिंग. नळीच्या आत अगदी चपखल बसणारी, दोन हात लांब, घट्ट वेढ्यांची पोलादी स्प्रिंग. ती आत सारायची, तिच्या टोकाला दोरी बांधायची, आणि नळी गुडघ्यावर धरून वाकवायची. स्प्रिंग वाकते पण तिचं पोट गोलच राहतं, म्हणून नळीही गोल राहते. वाकवून झाल्यावर ती आत अडकते. मग नळी हवी त्याहून किंचित जास्त वाकवून परत आणायची, स्प्रिंगला पीळ देऊन बारीक करायची आणि ओढायची. हे न कळणारी माणसं दोरी तुटेपर्यंत ओढतात. बारीक नळीला हीच स्प्रिंग बाहेरून घालतात. किती आखूड वळण घ्यायचं यालाही मर्यादा आहे. हातानं वाकवायचं तर वळणाची त्रिज्या नळीच्या जाडीच्या चौपट-पाचपट तरी हवी. चार सुताच्या नळीला वरवंटा बरोबर बसला, तो याच हिशेबानं. मिस्त्रींना त्रिज्या हा शब्द माहीत नव्हता. त्यांना वरवंटा माहीत होता.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १९५६ साली कायदा होऊन देशात मेट्रिक मापं आली; पण प्लंबरच्या जिभेवर अजून सूतच आहे. दुकानदार मिलिमीटरमध्ये बिल करतो, मिस्त्री सुतात मागतो, आणि आपण रुपयांत देतो.

स्प्रिंगच्या पुढची पायरी दोन दांड्यांचा बेंडर. अडकित्त्याच्या मोठ्या भावासारखा दिसतो. एका दांडीला अर्धगोल खाच असलेलं चाक, दुसरीला तशीच खाच असलेला सरकता ठोकळा. नळी दोन खाचांत चहूबाजूंनी धरली जाते, म्हणून आत काही भरावं लागत नाही. इथे आधार आतून नाही, बाहेरून. चाकावर अंशांच्या खुणा असतात, त्यामुळे काटकोन नजरेवर सोडावा लागत नाही. हा बेंडर ज्याच्याकडे असतो तो मिस्त्री बाकीच्यांशी जरा तोलूनमापून बोलतो.

परदेशात पितळेची वाद्यं करणाऱ्यांनी याहून नाजूक उपाय केले. आपल्या लग्नात बँडवाला जो गोल गोल भोंगा फुंकतो, त्याची नळी वळवताना ते आत डांबर किंवा शिसं भरीत. कोणी साबणाचं पाणी भरून त्याचा बर्फ करतात आणि बर्फासकट नळी वाकवतात. काम झालं की आधार वितळून आपोआप निघून जातो. १८६० साली बार्नबस वुड नावाच्या अमेरिकन माणसानं बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम यांचा एक मिश्रधातू काढला, तो सत्तर अंश उष्णतेलाच वितळतो. म्हणजे चहापेक्षा थोड्या गार पाण्यात. पातळ नळीत तो ओतायचा, थिजला की नळी वाकवायची, आणि गरम पाण्यात धरून पुन्हा ओतून घ्यायचा. हे विषारी प्रकरण आहे, स्वयंपाकघरात आणायचं नाही. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. हे वुडसाहेब धंद्यानं दंतवैद्य होते! पोकळ जागा दिसली की ती भरायची, हा विचार दंतवैद्याशिवाय कोणाला इतक्या सहज सुचणार?

आमच्या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांत, पार चाकणपर्यंत, आता हे काम यंत्र करतं. यंत्र नळीच्या आत एक दांडा घालतं. त्याच्या टोकाला पाठीच्या मणक्यांसारखे हलते गोळे असतात. नळी वळते तसे ते मणके आत वळतात आणि भिंत सावरून धरतात. कॉम्प्युटरला अंश सांगायचे, बटण दाबायचं. पण नीट पाहिलं तर यंत्रही तेच करतं, जे मिस्त्रींनी केलं. आत आधार, बाहेर वळण, आणि शेवटी किंचित सूट.

घरातून मात्र वाकवलेली नळी निघून गेली. आता गिझरला जाळीदार लवचीक नळी लावतात. ती कुठेही वळते, तिला वाकवावं लागत नाही, तिला मुळी कणाच नाही. पाच मिनिटांत काम होतं. भिंतीत तर प्लास्टिकच्या नळ्या. वळण आलं की कापा आणि एल्बो चिकटवा. एका एल्बोला दोन जोड, आणि जितके जोड तितक्या गळतीच्या जागा. शिवाय एल्बोत पाणी काटकोनात भिंतीवर आपटतं, त्याचा जोर कमी होतो. वाकवलेल्या नळीत जोडच नसतो, गळणार काय? आमच्या त्या मिस्त्रींचा बेंड गिझर तीनदा बदलला तरी टिकला होता. बाथरूम नवी केली तेव्हा तो भंगारात गेला. भंगारवाल्यानं वजन केलं आणि तांब्याच्या भावानं पैसे दिले. हाताच्या कसबाचा भाव त्याच्या तराजूत बसत नाही.

तरी तांब्याची नळी संपलेली नाही. ती फक्त आपल्या नजरेआड गेली आहे. गच्चीवरच्या सोलर हीटरच्या काळ्या काचपेटीत ती आहे. फ्रिजच्या पाठीमागे आहे. आणि हॉस्पिटलांच्या भिंतींत आहे. साठवणीच्या टाकीपासून रोग्याच्या उशापर्यंत प्राणवायू आणते ती नळी तांब्याची असते. २०२१च्या उन्हाळ्यात सारा महाराष्ट्र प्राणवायूसाठी धावत होता. त्या दिवसांत टँकर कुठे आला, सिलिंडर कुठे मिळाला, याच्या बातम्या आपण रात्रंदिवस पाहिल्या. टाकीपासून खाटेपर्यंतची नळी कोणी घातली, तिचे जोड कोणी इतके चोख केले की रात्रंदिवस चालूनही ती फुसकली नाही, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. नळी चांगली असली की तिची आठवण येत नाही. तिच्या कारागिराची तर त्याहून नाही.

तांबटांचं तरी एक बरं आहे. त्यांचं नाव एका पक्ष्यानं उचललं. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या थेरगावात वडा-पिंपळावरून एकसारखं पुक्-पुक्-पुक् ऐकू येतं, तांब्यावर हातोडी पडावी तसं. तो तांबट. हिरवा, कपाळावर लाल टिळा, चिमणीएवढाच. नळवाल्यांच्या वाट्याला असा पक्षी आलेला नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या समोरच्या नव्या इमारतीत एसी बसत होता. एक विशीतला मुलगा सातव्या मजल्याच्या सज्ज्यात बसून दोन सुताची नळी वाकवत होता. बेंडर नाही, वाळू नाही. बाहेरून एक स्प्रिंग आणि दोन अंगठे. ही नळी चेपली तर गॅस अडतो आणि एसी नुसता वारा घालत बसतो. तो खाली आल्यावर मी विचारलं, "कुठं शिकलास?"

"उस्तादाकडं, काका."

"काय सांगितलं त्यानं?"

"काय नाय. नुसता बघ म्हणाला. पहिल्या महिन्यात चौदा तुकडे चेपले. पगारातून कापले."

मी त्याला वाळूची आणि वरवंट्याची हकीकत सांगितली. त्याला ती फार आवडली. वरवंटा केवढा होता, हेही त्यानं बारकाईनं विचारून घेतलं. मग पिशवीतून पुढची नळी काढली, स्प्रिंग घातली, वाकवली, थोडी जास्त वाकवली, सोडली. आणि वळणाच्या आतल्या अंगावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.